डावीकडून लोण्यासारखा

१

स्पेनमधल्या रोंदाच्या रिंगणात बैल येतात वर्षातून एकदाच, सप्टेंबरच्या जत्रेला. उरलेलं वर्षभर येतात ते पर्यटक. दोघांत फरक एवढाच, की बैलाला बाहेरची वाट दाखवायला कुणी लागत नाही. हा विनोद आनिसेतो रोज सकाळी तिकिटाच्या खिडकीत सांगायचा आणि आत बसलेली बाई रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. नोकरी टिकवायची तर एवढं हसावंच लागतं.

आनिसेतो रिंगणाचा राखणदार. दगडी खांब, दगडी कमानी आणि मधोमध पिवळी वाळू, या पलीकडे त्याने जग असं फारसं पाहिलंच नव्हतं. घोड्यावर बसून भाल्याने बैल मारायचे ते सरदार इथे मागे पडले आणि फडकं हातात घेऊन पायी उभा राहणारा साधा माणूस मोठा झाला, हे तो पर्यटकांना अशा थाटात सांगायचा, की त्या दिवशी घोड्याचा लगाम यानेच धरला असावा. उद्घाटनालाच इमारतीचा एक भाग कोसळला होता, हेही सांगायचा. "म्हणून घट्ट आहे. जे पडायचं ते आधीच पडून गेलं."

सकाळचं काम ठरलेलं. वाळूवर दाताळं फिरवायचं, संग्रहालयातल्या काचा पुसायच्या आणि मग कोठड्यांवरची माडी उघडायची. कोठड्या खाली, एकेका बैलापुरत्या, अंधाऱ्या. वर माडीवर दोर. दोर ओढला की खालचं दार वर सरकतं आणि बैल एका कोठडीतून दुसरीत जातो. माणसाला त्याच्यासमोर जावंच लागत नाही. बैलाने रिंगणात उतरेपर्यंत जमिनीवर उभा राहिलेला, फडकं धरलेला माणूस पाहताच कामा नये, असा या धंद्याचा सगळ्यात जुना दंडक. एकदा पाहिला की बैल फडकं सोडून माणसावर जायला शिकतो, म्हणून हे दोर.

मे महिन्यातली एक दुपार. माडीवरून खाली वाकून बघणारी एक जर्मन बाई आनिसेतोजवळ आली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "तिसऱ्या खोलीतला काळा. त्याला पाणी द्या. जीभ बाहेर आहे."

"देतो बाई. पाणी कशाला, वाईनच देतो."

बाई हसली नाही. त्याच्याकडे तिने असं पाहिलं, की जनावरांचे हाल करणारी जात ती हीच.

ती गेल्यावर आनिसेतो वाकला. तिसरी कोठडी रिकामी होती. मे महिन्यात ती रिकामीच असणार. कोपऱ्यात खराटा होता आणि बादली आडवी पडलेली होती. या बाईंनी जेवताना दोन पेले जास्त घेतले, एवढंच, असं तो स्वतःशी म्हणाला. मग कुलूप लावायला गेला आणि कुलूप लावताना त्याच्या लक्षात आलं, की आपण तिसऱ्या कोठडीकडे पाठ न करता, आडवे-आडवे, खेकड्यासारखे चालत आलोय.

२

संध्याकाळी शेवटचा पर्यटक बाहेर पडला की रिंगण आरासेलीचं.

आरासेली पंचविशीची. सकाळी औषधांच्या दुकानात उभी राहायची आणि संध्याकाळी वाळूत. गावोगावच्या छोट्या रिंगणांत तिने नाव मिळवलं होतं. या सप्टेंबरला ती इथे, स्वतःच्या गावात, पहिल्यांदा पूर्ण वाढीच्या बैलासमोर उभी राहून मातादोर होणार होती. तिचा बाप लिसार्दोही मातादोर. तो याच वाळूत गेला, ती पाच वर्षांची असताना. तेव्हापासून तिला वाढवलं आईने आणि शिकवलं बापाच्या मित्राने, म्हणजे आनिसेतोने.

सरावाला बैल नसतो. एकचाकी गाडा असतो, त्याच्यापुढे खऱ्या बैलाची शिंगं ठोकलेली. मागून दांड्या धरून कुणीतरी तो ढकलायचा. ढकलणारा तोर्क्वातो. तो एकेकाळी लिसार्दोच्या ताफ्यात होता, बैलाच्या पाठीत रंगीत काड्या खोचायचा. आता बेकरी चालवत होता. पोटाकडे पाहिलं तर बेकरीच त्याला चालवत असावी.

"काका, आज डावा," आरासेली म्हणाली.

"आज वारा आहे."

"काल म्हणालात ऊन आहे. परवा म्हणालात मंगळवार आहे."

"उद्या म्हणेल, पोपला पडसं झालंय," तोर्क्वातो गाड्यावर रेलून म्हणाला.

"हसू नका तुम्ही. पेपरात माझं नाव काय पडलंय माहितीये? एकहाती. रोंदाची एकहाती. लोक विचारतात, डावा हात काय आईकडे तारण ठेवलाय का?"

आता हे खरंच होतं. उजव्या हातात फडकं धरलं की आत तलवार असते, फडकं ताणून मोठं होतं, माणूस त्यामागे लपतो. डाव्या हातात ते नुसतं काठीवर लोंबतं, एखाद्या वाळत घातलेल्या टॉवेलएवढं, आणि शिंगाच्या वाटेवर उघडा माणूस उभा राहतो. म्हणूनच डाव्या हाताशिवाय कुणी कुणाला मातादोर म्हणत नाही. आणि आनिसेतोने इतक्या वर्षांत या पोरीला सगळं शिकवलं होतं, तेवढा डावा हात सोडून.

त्या दिवशी तिने विचारलं नाही. फडकं सरळ डाव्या हातात घेतलं, कंबर सैल सोडली आणि उभी राहिली. हुबेहूब लिसार्दो.

तोर्क्वातोने गाडा सोडला. चाक करकरत आलं. फडकं पुढे गेलं. आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरावर गाडा फडकं सोडून वळला. शिंगाचं टोक आरासेलीच्या डाव्या मांडीला टेकलं.

"अहो!"

"मी नाही गं! चाकाला संधिवात झालाय." तोर्क्वातो ओशाळून हसला. "पुन्हा घे."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, त्याच जागी, मांडीवर, इतक्या हळुवार, जशी शिवणाऱ्या बाईने टाका घालायच्या आधी सुई टेकवून बघावी.

"मग आता उजव्याने," आनिसेतो म्हणाला.

उजव्या बाजूने गाडा शहाण्यासारखा फडक्यामागे गेला.

३

तेल घातलं. मग चाक बदललं. मग आस बदलला. सुताराने गाडा वाळूवर ठेवून एका बोटाने ढकलला आणि तो रेघ मारल्यासारखा सरळ गेला. "यात काही दोष नाही," सुतार म्हणाला. "तोर्क्वातोचं पोट डावीकडे जड असेल."

जूनमध्ये तोर्क्वातोने गाडाच बाजूला ठेवला. शिंगं काढून दोन्ही हातांत धरली आणि स्वतः बैल होऊन धावू लागला, लहान पोरं खेळतात तसा, फुसफुसत, वाकून. आरासेलीला हसू आवरेना. डाव्या हाताच्या पहिल्याच खेपेला तो वाकडा वळला आणि शिंग तिच्या मांडीला लावून थांबला. तिचं हसू थांबलं नाही, पण त्याचं थांबलं.

ती कपडे बदलायला गेल्यावर तो आनिसेतोपाशी येऊन कठड्यावर बसला. बराच वेळ घाम पुसत राहिला.

"हात माझे असतात, आनिसेतो. वळत मी नसतो."

"म्हातारा झालास."

"झालो ना. म्हणूनच आठवतं. हे वळण मी बघितलंय." त्याने रिंगणातल्या एका जागेकडे बोट केलं. तिथे वाळू, दुसरं काही नव्हतं. "त्या दिवशी मी तिथून एवढ्या अंतरावर होतो. बैल उजवीकडून देवमाणूस होता. लिसार्दोने डाव्यात घेतलं आणि जनावराने फडक्याकडे बघितलंही नाही. सरळ माणसाकडे. जसं काही कुणीतरी आधीच त्याच्या कानात सांगितलं होतं, की फडकं खोटं आहे, माणूस बाजूला आहे."

आनिसेतोने दाताळं उचललं.

"इतक्या वर्षांत मला एक समजलं नाही," तोर्क्वातो म्हणाला. "लिसार्दो वेडा नव्हता. पहिल्याच बैलाला, अंदाज न घेता, डाव्यात कसं घेतलं त्याने?"

"वारा होता," आनिसेतो म्हणाला.

"वारा नव्हता रे त्या दिवशी," तोर्क्वातो म्हणाला आणि उठून बेकरीकडे गेला.

४

रविवारी एन्कार्ना यायची. लिसार्दोची बायको. झुंजीच्या दिवशी ती दगडी पायऱ्यांवर बसणाऱ्यांना गाद्या भाड्याने द्यायची. बाकी वर्षभर शिवणकाम. दर रविवारी आनिसेतोसाठी पालक घातलेले चणे घेऊन यायची, कारण तो एकटा आणि एकटा पुरुष म्हणजे तिच्या मते उघडं ठेवलेलं दूध.

"खा. नुसता सांगाडा झालायस. कोठडीत ठेवला तर बैल हसेल."

तो चणे खात असताना ती काचेसमोर उभी राहायची. संग्रहालयात नामांकित माणसांचे पोशाख होते, त्यांच्या ओळीत शेवटचा लिसार्दोचा. हिरवा, सोनेरी कलाबूत. डाव्या मांडीवर रफू. ते तिनेच केलेलं, इतकं बारीक की दाखवल्याशिवाय दिसू नये. आनिसेतोला मात्र आंधळेपणीही दिसलं असतं. रोज सकाळी तो ती काच पुसायचा आणि रोज त्याच उंचीवर त्याचं फडकं थांबायचं.

"तू त्याला शेवटचा भेटलास," ती म्हणायची. दर रविवारी. "काय करत होता रे?"

"हसत होता."

हे खरं होतं. म्हणून तर ते गिळता येत नव्हतं, चण्यांपेक्षाही.

कारण आनिसेतोलाही मातादोर व्हायचं होतं. दोघांनी एकाच माळावर, एकाच फाटक्या चादरीने सराव केला होता. लिसार्दोच्या वाट्याला रिंगण आलं आणि याच्या वाट्याला दोर. याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. आणि मग लिसार्दोच्या त्या शेवटच्या झुंजीच्या आदल्या दिवशी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, त्याने दोर ओढून एका काळ्या बैलाला बाकीच्यांपासून वेगळं केलं, मागच्या लहान कोंडवाड्यात घेतलं, फडकं घेतलं आणि खाली उतरला. बैलाचं नाव तिज्नाओ. काजळ्या. डाव्या हाताने त्याने त्याला पाच-सहा वेळा अंगावरून नेला. उन्हात त्या जनावराची पाठ चकाकत होती, केस नाहीत की कातडं नाही, नुसतं तेल. शेवटच्या वेळी बैल वळून थांबला आणि फडक्याकडे न बघता त्याच्याकडे बघू लागला. आनिसेतो हसत भिंतीवर चढला. सबंध आयुष्यात एवढं सुंदर त्याने काही केलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बैलाला तिसऱ्या कोठडीत कोंडला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांत तो लिसार्दोला आला.

सांगता आलं असतं. 'हा बैल शिकलेला आहे,' एवढं म्हणायचं, की बैल बाद, बदली बैल आत. नोकरी गेली असती, तुरुंगही झाला असता. सांगायला तो लिसार्दोच्या खोलीवर गेलाही. लिसार्दो हिरव्या कपड्यात उभा, एन्कार्ना त्याचा कमरपट्टा आवळतेय. तिला बाहेर पाठवून लिसार्दोने विचारलं, "काय रे, माझा काळा कसा आहे?"

आणि आनिसेतोच्या तोंडून निघालं ते कालचं सुख.

"डावीकडून लोण्यासारखा."

लिसार्दो हसला.

५

जुलै, ऑगस्ट. आरासेलीने ऐकायचं सोडून दिलं. रोज डावा. रोज शिंग मांडीवर. तिने त्याचाही अभ्यास केला. फडकं किती आधी द्यायचं, पाय कुठे मागे घ्यायचा.

"काका, मला तो समजायला लागलाय."

"कोण तो?"

"गाडा." ती हसली. "तोर्क्वातोकाका म्हणतात, बाबांचा बैल असाच होता. असेल तर असू दे. मी त्याला चुकवून दाखवीन."

"गाड्याला चुकवून काय होतं. बैल भोळे असतात, तुझ्या वाट्याला कशाला असला येईल?"

"मग डावा हात लावायला तुम्ही एवढे घाबरता कशाला?"

आनिसेतो फाटक लावायला निघाला.

पर्यटकांचं चालूच होतं. एका जपानी म्हाताऱ्याने माडीवरून फोटो काढला, वाकून नमस्कार केला आणि खुणेने विचारलं, शिंग असं भिंतीवर का घासतो? एका इंग्रज पोरीने नाकाला रुमाल लावला. आनिसेतो सगळ्यांना हसून उत्तर द्यायचा. स्वतः मात्र खाली बघायचा नाही. रिकाम्या कोठडीला चुन्याचा वास येतो, धुळीचा येतो. हा वास गरम होता. पण ऑगस्टमध्ये रोंदात काय गरम नसतं, असं तो मनाशी म्हणायचा आणि त्या म्हणण्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा, माडीवरून उतरेपर्यंत.

६

जत्रेच्या आठवड्यात बैल आले. बाहेरच्या मोठ्या कोंडवाड्यात सहाच्या सहा एकत्र सोडले. एकत्र असले की बैल गायीसारखे शांत असतात. त्यांच्यात एक तांबडा होता, कपाळावर पांढरा ठिपका, मान उंच. सगळं गाव भिंतीवरून वाकून म्हणालं, हा ज्याला मिळेल त्याची जत्रा.

झुंजीच्या आदल्या दुपारी गाव जेवून आडवं झालं. आनिसेतो माडीवर, खुर्चीत. झोपायचं नाही, असं ठरवून बसला होता. झोप लागली असेल किंवा नसेल.

त्याला आवाज आला. फडकं झटकल्याचा. कोरडा, लहान, एकच.

त्याने मागच्या लहान कोंडवाड्याकडे पाहिलं. तिथे तांबडा होता, एकटा. आणि त्याच्यासमोर, आनिसेतोकडे पाठ करून, एक माणूस. उन्हाने सगळं पांढरं झालेलं, त्यामुळे डोकं दिसलं नाही नीट, खांदे दिसले, शर्ट पाठीला चिकटलेला. डावा हात पुढे. बैल आला, गेला. माणूस वळला नाही. बैल आला, गेला. कसलं देखणं काम! आनिसेतोच्या घशातून शिवी निघायची ती वाहवा निघता निघता राहिली, आणि त्या क्षणी त्याला त्या माणसाचे खांदे कळले. असा एक खांदा वर आणि एक खाली तो रोज आरशात बघत होता. आता तो जरा वाकलाय, एवढंच.

"ए!" तो ओरडला.

ऊन होतं. तांबडा होता. तो वळून थांबला होता आणि भिंतीच्या एका रिकाम्या जागेकडे बघत होता.

आनिसेतो धापा टाकत दोरांपाशी गेला. तांबड्याला वेगळं करून आत घेणारा दोर खुंटीला बांधलेला. गाठ उलटी होती. अशी उलटी गाठ या रिंगणात एकच माणूस बांधतो. त्याने तळहात नाकाशी नेला. वास होता. पण बैलांच्या वाड्यात राहणाऱ्याच्या हाताला दुसरा कसला वास येणार? त्याने चपला बघितल्या. दोरीच्या तळव्यांत वाळू होती. ती रोजच असते.

झोपेत चाललो असेन. किंवा चाललोच नसेन. सकाळी मीच बांधली असेल गाठ, विसरलो. म्हातारपण. कुणी पाहिलं नाही, म्हणजे काही झालं नाही.

हे शेवटचं वाक्य त्याने पूर्वीही एकदा म्हटलं होतं, याच जागी उभं राहून.

त्याने तांबड्याला गुपचूप बाकीच्यांत सोडलं आणि गाठ सोडून सरळ बांधली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या. तीन मातादोर, प्रत्येकाला दोन बैल. मातादोर स्वतः येत नाहीत, त्यांची भरवशाची माणसं येतात. सिगारेटच्या कागदावर बैलांचे आकडे लिहून, त्यांच्या गोळ्या करून कळपाच्या मुकादमाच्या टोपीत टाकतात, वर दुसरी टोपी. आरासेलीतर्फे तोर्क्वातो, इस्त्रीचा शर्ट घालून. माडीवर तिकीट काढून बघायला आलेली गर्दी, गाद्यांच्या ढिगाशी एन्कार्ना.

आनिसेतो दोरांपाशी उभा. त्याने देवाला बोलावलं, आणि काय मागितलं? तांबडा दुसऱ्याला जाऊ दे. कुणालाही. बाकीच्या दोन मातादोरांतला एक तर विशीतला पोरगा होता, त्याचीही आई कुठेतरी असणार. हे ध्यानात आल्यावर आनिसेतोला स्वतःची शिसारी आली. तरी तो गप्पच राहिला. गोळी उघडेपर्यंत गप्प राहिला.

"तांबडा आमचा!" तोर्क्वातो ओरडला. टाळ्या पडल्या. एन्कार्नाने छातीवर क्रूस काढला आणि आनिसेतोकडे बघून हसली.

मग तोर्क्वातो पोट सांभाळत दोरांपाशी आला. त्याचा चेहरा फुलला होता. "पोरगी खोलीवर वाट बघतेय. कपडे चढवायला बसेल आता. म्हणाली, काकांना एवढंच विचारून या." त्याने आवाज खाली आणला. "डावीकडून कसा आहे?"

आनिसेतोने तोंड उघडलं. शब्द तिथेच होता. इतकी वर्षं जिभेखाली ठेवलेला, मऊ, तयार. तोर्क्वातोच्या तोंडावरचं हसू तो शब्द घ्यायला पुढे झालेलं.

"आनिसेतो? अरे, काय झालं?"

त्याने दोर ओढला. दारं धाडधाड सरकली आणि तांबडा एकटा लहान कोंडवाड्यात आला. आनिसेतोने खुंटीवरचं जुनं फडकं घेतलं, भिंतीवरून पाय टाकला आणि भरल्या गर्दीसमोर खाली उतरला.

आधी लोक हसले. मग मुकादम किंचाळला. "ए म्हाताऱ्या! चळलास का? वर ये! बैल बाद होईल!"

"होऊ दे," आनिसेतो म्हणाला. तेवढ्यासाठीच तो उतरला होता. चारचौघांदेखत एकदा फडकं दाखवलं, की बैल बाद, पोरगी सुटली. कारण विचारतील. विचारू देत. कारण कसं सांगायचं, ते त्याला अजून सुचलं नव्हतं.

त्याने फडकं डाव्या हातात धरलं.

तांबडा आला नाही. त्याने फडक्याकडे बघितलंही नाही. मान उंच करून त्याने आनिसेतोकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं, आणि आनिसेतोच्या मनातली शेवटची शंका गेली. काल झोप नव्हती.

"बाद!" वरून जनावरांचा डॉक्टर ओरडला. "हा बैल बाद! दुसरा घ्या! त्या माणसाला बाहेर काढा आधी!"

झालं. आरासेलीचं काम झालं. भिंत पाठीमागे दोन ढांगांवर होती. तोर्क्वातो वरून दोन्ही हात खाली सोडून ओरडत होता, "धर! अरे, हात धर माझा!"

तेवढ्यात मागून लाकडावर लाकूड घासत दार वर सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्या कोठडीचं. तिचा दोर कुणी ओढला नव्हता. दोर ओढणारा तर इथे उभा होता. आणि मग, अगदी जवळ, त्याच्या डाव्या खांद्याशी, कुणीतरी फडकं झटकलं. कोरडा, लहान, एकच आवाज. आनिसेतोच्या हातातलं फडकं हललं नव्हतं.

तांबड्याने मान तिकडे नेली. मग आनिसेतोकडे. मग पुन्हा तिकडे. दोघांतला कोण, हे ठरवत असल्यासारखा.

वरची गर्दी एकदम गप्प झाली. त्यांना काय दिसत होतं, ते आनिसेतोला कळेना, आणि वळून बघायची त्याला गरज नव्हती. तो खांदा त्याला पाठ होता. तो आत्ता हसत असणार आणि भिंतीवर चढून पळून जाणार, पुन्हा एकदा, चणे खायला.

त्याने तोर्क्वातोचे हात बघितले. त्यांच्यावर, गाद्यांच्या ढिगाशी, एन्कार्नाचा चेहरा बघितला. मग त्याने हातातलं फडकं सोडून दिलं आणि तो डावीकडे एक पाऊल सरकला, मागच्या माणसाच्या आणि बैलाच्या मध्ये.

"मी," तो म्हणाला. एवढ्या मोठ्याने, की माडीवर सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या वेळीही मीच."

बैलाचं ठरलं.